शेताचे स्थानिक नाव

सातबारा आयुष्यभर हाताळला, पण त्यावरची ती ओळ मी कधी वाचली नव्हती. ती वाचली नातवानं. पीककर्जाच्या कागदांसाठी तालुक्याहून उतारे काढून आणले होते. नातू सातवीत. कागद हातात आला की मोठ्यानं वाचायची त्याला खोड. गट क्रमांक, भूधारणा पद्धती, भोगवटादाराचे नाव असं वाचत वाचत तो थांबला.

"आजोबा, हितं ‘शेताचे स्थानिक नाव’ असं लिवलंय आन् पुढं कायच न्हाय."

मी चष्मा लावून बघितलं. पाच उतारे होते. पाचींवर ती ओळ होती आणि पाचींवर पुढची जागा कोरी.

"मग आपल्या शेताचं नाव काय?" त्यानं विचारलं.

"कुठल्या शेताचं? हे बुडकीची पट्टी. हे चोपण. हे लांडगदऱ्यातलं."

"बुडकी म्हंजे?"

आता आली का पंचाईत! ओढ्याच्या काठाला पाण्यासाठी काढलेली लहान विहीर म्हणजे बुडकी. पण त्याला दाखवायला बुडकी आहे कुठं? माझ्या लहानपणीच ती गाळानं भरली. त्या जागी आता ऊस आहे. विहीर गेली, नाव तेवढं माझ्या तोंडात राहिलं. मी गेलो की तेही जाणार. त्या रात्री मी शंभरपानी वही काढली आणि लिहायला बसलो.

आमचं गाव खटाव तालुक्यातलं. पाऊस थोडा, त्यामुळं पाण्याचा आणि मातीचा हिशेब माणसं फार बारीक ठेवायची. तो हिशेब त्यांनी कागदावर ठेवला नाही, शेतांच्या नावात ठेवला. सकाळी अंगणात वडील कामं वाटून द्यायचे ती नावांनीच. "तू गावंदरीत जा, बैलं मळईला सोडा, न्याहारी चोपणात आणा." पाच वर्षांच्या पोरालाही कुठं जायचं ते कळायचं. आता माझा मुलगा ट्रॅक्टरवाल्याला फोनवर सांगतो, "गट नंबर १८२ ला ये." ट्रॅक्टरवाला येतो, नांगरतो, जातो. काम होतं. पण १८२ म्हणून जमीन कशी आहे ते काही कळत नाही.

चोपण म्हटलं की कळतं. वाळली की दगड आणि भिजली की लोणी, अशी ती माती. वाफसा एकच दिवस मिळतो, चुकला की पेर गेली. खडकीत विहीर पाडायच्या आधी चारदा विचार करायचा. लव्हाळीच्या रानात पाणी वर असतं, म्हणून तिथं लव्हाळा हटत नाही. तिथं घराचा पाया घालू नये. मळई म्हणजे ओढ्याच्या गाळाची, तिथं काहीही लावा. चौमोटीचा मळा म्हणजे ज्या विहिरीवर एकावेळी चार मोटा चालत तो मळा. चार मोटांना पुरेल एवढं पाणी त्या विहिरीला होतं, हे त्या एका शब्दात आलं. मोट गेली, धाव मोडली, थारोळ्याचे दगड कुणी घराच्या पायाला नेले. नाव मात्र चौमोटी.

आकडे आमच्या जमिनीला तसे अलीकडंच चिकटले. पेशवाईच्या काळात गावच्या जमिनीची वाटणी थळांनी धरायची, थळांच्या यादीला थळझाडा म्हणत आणि वंशपरंपरेच्या हक्कानं कसणाऱ्याला थळकरी. थळाला बहुतेक जुन्या कसणाऱ्या घराण्याचं नाव असायचं. घराणं बुडालं तरी थळाचं नाव तेच राहायचं. इंग्रज आले, १८३६ च्या सुमाराला इंदापूर तालुक्यात त्यांनी मोजणी करून रयतवारीचा सारा बांधला, आणि तीच पद्धत पुढं सगळ्या दख्खनेत गेली. शेताला बांधाचे दगड आले आणि सर्व्हे नंबर आला. पुढं १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला. त्या योजनेत आमच्याकडं सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा मी शाळेत होतो. वडील आठवडाभर नवे आकडे पाठ करत होते. म्हणजे आकडे दोनदा बदलले. नावाला कुणी हात लावला नाही, कारण नाव कागदावर नव्हतंच.

पहिल्या रात्री मला आठवून साठेक नावं लिहिता आली. मग माणसं धरली. ज्यानं गुरं राखली त्याला सगळ्यात जास्त नावं माहीत असतात, हे पहिल्या आठवड्यातच कळलं. शेताच्या मालकाला आपल्या बांधापुरतं ठाऊक असतं. गुराख्याला बांध नसतो. आमच्या गावचा एक म्हातारा धनगर माझ्याबरोबर तीन दिवस शिवार फिरला. प्रत्येक टेकाडाला, प्रत्येक वगळीला त्याच्याकडं नाव. तरसाची खोरी, वाघजाळी, बिरोबाचं टेक, साती आसरांचा डोह. "सात आंबे" म्हणून त्यानं जागा दाखवली, तिथं एकही आंबा नव्हता. "मी तीन बघितल्यात," तो म्हणाला, "माझ्या बानं पाच बघितलं हुतं."

देवाची, वतनाची, बलुत्याची नावंही निघाली. जोश्याची पट्टी, गुरवाचं, मुलाण्याचं, रामोश्याचं. दिव्याची पट्टी म्हणून अर्धा एकर आहे. तिच्या उत्पन्नातून देवळातल्या नंदादीपाचं तेल यायचं. चाहूर नावाचं एक मोठं रान आहे. चाहूर हे जमिनीचं जुनं माप, आता कुणाच्या बोलण्यात नाही, पण त्या रानात रोज कुणी ना कुणी कामाला जातंय.

बायकांना विचारायचं मला आधी सुचलंच नव्हतं. माझी चुलती नव्वदीला टेकलेली. मी वहीतून वाचत होतो आणि ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी म्हणालो, "बरडाचं टेक." ती म्हणाली, "कुठलं रं? त्ये लेकीचं टेक व्हय?" मला हे नाव माहीत नव्हतं. लेक सासरी निघाली की आई त्या टेकापर्यंत पोचवायला जाते. तिथून पुढं उतार लागतो आणि गाव दिसायचं बंद होतं. गावातल्या सगळ्या बायका त्याला लेकीचं टेक म्हणतात आणि सगळे पुरुष बरडाचं टेक. शंभर वर्षं एका गावात राहून, एका ताटात जेवून दोघांची नावं वेगळी. मी वहीत दोन्ही लिहिली. एका जागेला दोन नावं असू शकतात आणि दोन्ही खरी असतात, एवढं मी चुलतीकडून शिकलो. ते पुढं कामाला येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

नवी नावंही जन्माला येतात. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. गावच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं होतं. आई त्या कामावर होती. दुपारी माळावर सुकडी वाटायचे. आम्ही पोरं ताटल्या घेऊन आधीच रांगेत. त्या माळाचं मूळ नाव बोराटीचा माळ. त्या वर्षापासून सुकडीचा माळ झालं. आज चाळिशीतली माणसंसुद्धा सुकडीचा माळच म्हणतात. सुकडी काय होती ते त्यांना माहीत नाही.

आता गळक्याचं सांगतो. गावाच्या वरच्या बाजूला ओढ्यात एक जागा आहे, तिला गळकं म्हणतात. काही वर्षांपूर्वी तिथं सिमेंटचा बंधारा घालायचं ठरलं. धनगर म्हातारा तेव्हाच म्हणाला होता, "तितं पानी ठरत न्हाई. नावच गळकं हाय." नकाशे घेऊन आलेली माणसं हसली. खरं सांगायचं तर मीही हसलो. बंधारा झाला. पहिल्या पावसात तुडुंब भरला, हार घालून पूजा झाली, आणि दहा दिवसांत तळ दिसला. पैसे पाण्यात गेले असं गाव म्हणालं.

पण पुढच्या दोन उन्हाळ्यांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बंधाऱ्याच्या खाली अर्ध्या मैलावर झिऱ्याचा मळा आहे. तिथली जुनी विहीर दरवर्षी शिमग्यालाच तळाला जायची. ती आता वैशाखापर्यंत टिकायला लागली. ओढ्याच्या तळाशी काळा फत्तर आहे, त्याला भेगा आहेत. वर मुरलेलं पाणी भेगांतून खाली येतं आणि उताराला झिरा होऊन निघतं. वर गळकं, खाली झिरा. दोन नावं म्हणजे एकाच गोष्टीची दोन टोकं. हे ज्यांनी ठेवलं त्यांनी कुठली शाळा बघितली नव्हती. नावं आधी विचारली असती तर साठवणीचा बंधारा म्हणून नाही, जिरवणीचा म्हणून बांधला असता आणि कुणाची निराशा झाली नसती.

इथवर सगळं गोड होतं. वहीत दोनशे चौदा नावं झाली. लोक घरी येऊन सांगायला लागले. आणि मग बौद्धवस्तीतून तात्यांचा निरोप आला, वही घेऊन ये म्हणून.

तात्या तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढं. तरुणपणी मुंबईला गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर गावी आले. माझे वडील त्यांना एकेरीनं हाक मारत. मी तात्या म्हणतो. त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि म्हणाले, "उगवतीकडची नावं वाच."

मी वाचत गेलो. ते डोळे मिटून ऐकत होते. एखाद्या नावाला मान हलवायचे. मी वाचलं, "नवी पट्टी. एक एकर दहा गुंठे. आजोबांनी नवी घेतली म्हणून नवी पट्टी."

त्यांनी हात वर केला.

"नवी कुनाला?"

मी गप्प.

"तुमच्याकडं आली तवा तुमाला नवी. आमच्यात तिला हाडकी म्हनत्यात. आता म्हनत बी न्हाईत. म्या म्हनतो."

मग त्यांनी सांगितलं. गावचं मेलेलं जनावर ओढून न्यायचं, सरकारी कागद गावोगाव पोचवायचा, वसुलाच्या पैशाबरोबर तालुक्याला चालत जायचं, मयताचा सांगावा परगावी न्यायचा, रातीबेराती कुणीही हाक मारली की उठायचं. सगळ्या घरादारानं करायच्या ह्या कामाबदली वतन म्हणून ओढ्याकाठचा तुकडा. हाडं ओढायची म्हणून हाडकी. ह्या वतनात माणूस बांधला जातो म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं. ते तेव्हा झालं नाही. कायदा झाला १९५८ ला, बाबासाहेब गेल्यावर. वतन गेलं, आणि सरकारात रक्कम भरून जमीन वतनदाराच्याच नावावर करून घ्यायची सोय झाली.

"नाव घ्यायची लाज वाटाय लागली म्हनून आमच्याच लोकांनी हाडकी म्हनायचं सोडलं," तात्या म्हणाले. "नाव सोडलं. जमीन सोडली नव्हती."

"मग आमच्याकडं कशी आली?"

"जोंधळ्यावर. वाईट साल हुतं. माझ्या बानं तुज्या आज्याकडनं जोंधळं घेतलं आन् रान कसायला दिलं. जोंधळं फिटलं की रान माघारी, आसं ठरलं."

"फिटलं नाहीत?"

"दोनदा पोती घिऊन गेला हुता. पहिल्या खेपंला आज्या म्हनाला, घाई काय हाय. दुसऱ्या खेपंला म्हनाला, राहू दे." तात्या थोडं थांबले. "राहू दे म्हंजी जोंधळं राहू दे का रान राहू दे, ह्येचा माझा बा मरस्तवर इचार करत हुता."

मी कसा घरी आलो ते मला आठवत नाही. कारण ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आमच्या घरात ती मोठ्या अभिमानानं सांगतात. आजोबांनी दुष्काळात वस्तीला जोंधळे दिले, लोक फेडायला आले तर घेतले नाहीत, म्हणाले, राहू दे. माझ्या लग्नात पाहुण्यांना ही गोष्ट सांगितली होती. मी स्वतः माझ्या मुलांना सांगितली होती. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. फक्त त्या जोंधळ्यामागं शेत होतं, एवढं कुणी सांगितलं नव्हतं.

लिहायचं का नाही, यावर घरात आठ दिवस धुसफूस झाली. ती पट्टी माझ्या आणि चुलतभावाच्या नावावर निम्मी निम्मी. भाऊ म्हणाला, "येडा का खुळा तू? उद्या कुणीतरी ही वही कोर्टात दाखवील."

मी म्हणालो, "वहीला कोर्टात काय किंमत?"

"किंमत न्हाई, मग लिवतोस कशाला?"

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नीट नाही. एवढंच कळत होतं, की बुडकी लिहायची, चौमोटी लिहायची, आणि हे एक पान कोरं सोडायचं, तर मग त्या उताऱ्यावरच्या कोऱ्या ओळीत आणि माझ्या वहीत फरक काय? लेकीच्या टेकाला दोन नावं लिहिताना माझा हात अडला नव्हता. तिथं माझं काही जात नव्हतं. मी लिहिलं:

"नवी पट्टी. जुनं नाव हाडकी. महारवतनाची जमीन. जोंधळ्यावर आली. जोंधळे दोनदा परत आणले होते, घेतले नाहीत."

२६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या गुरुजींनी पोरांकडून नावं वाचून घेतली. प्रत्येक पोरानं आपल्या घराकडच्या शिवाराची दहा दहा नावं. माणसं हौसेनं ऐकत होती, मध्येच कुणी भर घालत होतं. नवी पट्टी माझ्या नातवाच्या वाट्याला आली. त्यानं लिहिलेलं सगळं वाचलं, एका आवाजात, जसं चोपण वाचलं तसंच. कुणी काही बोललं नाही. चुलतभाऊ उठून गेला. तात्यांना खुर्ची दिली होती. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांच्यापाशी गेलो.

ते म्हणाले, "पोरगं चांगलं वाचतंय. पर आकडा ऱ्हायला. एक एकर धा गुंठं."

मी म्हणालो, "माझ्या वाट्याच्या पंचवीस गुंठ्यांचं मला बोलायचंय."

"ते माझ्या नातवासंगं बोल. म्या नावापुरता आलो हुतो."

त्याच पावसाळ्यात ते गेले. नातू पुण्याला कंपनीत आहे. दिवसाला आला तेव्हा त्यानं वहीतल्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला. जमिनीचं विचारलं, तर म्हणाला, "काका, आईशी आणि आत्यांशी बोलून सांगतो." त्यांचं बोलणं चालू आहे. माझ्या मुलांशी माझंही चालू आहे. थोरला हो म्हणतो, धाकटा गप्प बसतो. चुलतभाऊ माझ्या बांधावरून जाताना मान वळवतो. नाव लिहायला एक रात्र पुरली, गुंठ्यांचं काम त्याहून अवघड आहे. ते मी इथं झालं म्हणून सांगत नाही.

वहीत अजून पानं शिल्लक आहेत. उत्तरेच्या शिवारातली चाळीसेक नावं राहिलीत. ती माहीत असणारी दोनच माणसं उरलीत, दोघंही ऐंशीच्या पुढची, आणि एकाला कानानं कमी येतं. खुरपणी उरकली की जाणार आहे. ह्या खेपेला बायकांना आधी विचारीन, आणि वस्तीतही आधी जाईन, बोलावणं यायची वाट बघणार नाही.

तुमच्या घरात सातबारा असेल तर काढून बघा. ती ओळ तुमच्याही उताऱ्यावर असेल. पुढं काय लिहायचं ते घरात विचारा, आणि घरात एकच नाव सांगितलं तर बांधापलीकडच्या माणसालाही विचारा.